घरी उंदरांचं वेत घेताना: पिंजरा, हवा, खाणं आणि तारखा

उंदराची मादी पाचव्या-सहाव्या आठवड्यात वयात येते. गाभण राहिल्यापासून २१ ते २३ दिवसांत विते, एका वेताला साधारण ८ ते १२ पिल्लं देते आणि व्यायल्यानंतर २४ तासांच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. या लेखातल्या निम्म्या सूचना या आकड्यांतून निघाल्या आहेत. उरलेल्या निम्म्या उंदराच्या फुप्फुसांमुळे आहेत. पाळीव उंदराला सगळ्यांत जास्त छळतो तो श्वासाचा आजार, आणि तो दबून राहणार की उफाळणार हे बऱ्याच अंशी पिंजऱ्यातल्या हवेवर ठरतं.

आधी प्राणी ओळखा

पाळीव उंदीर म्हणजे नॉर्वे उंदीर, शास्त्रीय नाव रॅटस नॉर्वेजिकस. आपल्याकडे माळ्यावर खुडबुड करणारा बहुधा काळा उंदीर, रॅटस रॅटस असतो, आणि घूस तर वेगळ्याच प्रजातीची. एकोणिसाव्या शतकात लंडनमधला जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा वेगळ्या रंगाचे उंदीर बाजूला ठेवून त्यांची पैदास करायचा आणि विकायचा. १९०१ मध्ये मेरी डग्लस यांच्या प्रयत्नांमुळे इंग्लंडमध्ये एलस्बरीच्या प्रदर्शनात उंदरांना पहिल्यांदा जागा मिळाली. पुढे १९०६ पासून फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या उंदरांची जात तयार झाली. म्हणजे पाळीव उंदरामागे माणसाजवळ राहिलेल्या शेकडो पिढ्या आहेत. पकडलेला रानटी उंदीर त्याची जागा घेऊ शकत नाही. तो लेप्टोस्पायरोसिस आणि उंदीरचाव्याच्या तापाचे जंतू घेऊन येतो, आणि भीतीपोटी चावतो.

खरेदी करताना होणारा पहिला घोटाळा असा की दुकानात ‘पांढरा उंदीर’ म्हणून माऊस आणि रॅट दोन्ही विकले जातात. पूर्ण वाढलेला माऊस २५ ते ४० ग्रॅमचा असतो. रॅटची मादी २५० ते ३५० ग्रॅम, नर ४०० ते ६०० ग्रॅम. लहान वयात फरक ओळखायचा तर पाय आणि शेपूट बघा. रॅटच्या पिल्लाचं डोकं मोठं, मागचे पंजे लांब आणि शेपूट जाड असते. माऊस आणि रॅट कधीही एकत्र ठेवू नका. रॅट माऊसला मारतो.

कायद्याचं थोडक्यात. घरी हौसेने उंदीर पाळणं वेगळं, पण दुकानासारखी विक्री करायची तर २०१८ चे पेट शॉप नियम लागू होतात, आणि प्रयोगांसाठी प्राणी पुरवायचे तर १९९८ च्या केंद्रीय नियमांखाली नोंदणी लागते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राहणाऱ्या मराठी मंडळींनी या वाटेला जाऊच नये, तिथे घरी उंदीर पाळायला बंदी आहे.

जोडी लावण्याआधी घरं शोधा

एका वेतातून १२ पिल्लं आली तर त्यातले अंदाजे सहा नर आणि सहा माद्या. उंदीर एकटा ठेवायचा नसतो, त्यामुळे प्रत्येक घरी किमान दोन, तेही एकाच लिंगाचे द्यायचे. म्हणजे सहा घरं हवीत, आणि ती नर-मादी एकत्र ठेवण्याआधी पक्की हवीत. ‘नंतर बघू’ म्हटलं की सहाव्या आठवड्यात पिंजरे कमी पडतात, भावंडं एकत्र राहतात आणि महिन्याभरात तीन-चार बहिणी एकदम गाभण निघतात. शिवाय नर वेगळे ठेवायला दुसरा पिंजरा पहिल्या दिवसापासून घरात हवा.

पिंजरा

दोन-तीन मोठ्या उंदरांना किमान ७५ सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच पिंजरा हवा. पक्ष्यांचा मोठा पिंजरा चालतो. गजांमधलं अंतर सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कारण तरुण मादी त्याहून रुंद फटीतून सहज निसटते. तळाला जाळी असेल तर ती काढून टाका किंवा वर ॲक्रिलिकची शीट टाका. जाळीवर चालून तळपायाला घट्टे पडतात, मग त्यांच्या गाठी होऊन चिघळतात. जड नरांना हा त्रास आधी होतो आणि एकदा मुरला की सहसा पूर्ण बरा होत नाही. पावडर कोटिंग केलेली जाळी घ्या. साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) जाळीवर लघवीचा थर बसून ती गंजते आणि वास कधीच जात नाही. माशांची काचेची टाकी उंदरांसाठी वाईट, कारण तिच्यात हवा खेळत नाही.

विण्यासाठी वेगळा, एकमजली पिंजरा लागतो. मजले असले तर आई पिल्लू तोंडात धरून वर चढते आणि ते खाली पडतं. यासाठी साठवणीचा ५० ते ७० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा उत्तम. झाकणाचा मोठा भाग आणि दोन बाजूंना हाताच्या पंजापेक्षा मोठ्या खिडक्या कापा. हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीची वेल्डेड जाळी आणून खिडकीपेक्षा चारही बाजूंनी ३ सेंमी मोठी कापा. ती आतल्या बाजूने बसवा, म्हणजे कापलेली कड झाकली जाते आणि उंदराला कुरतडायला धार मिळत नाही. दर ५-६ सेंमीवर भोक पाडून वॉशर लावून नट-बोल्ट घट्ट करा. जाळीची टोकं बाहेर वळवायची. गरम गोंदाने चिकटवलेली जाळी टिकत नाही, दोन रात्रींत सुटते.

अंथरूण आणि हवा

उंदराच्या लघवीतून अमोनिया सुटतो. जवळपास सगळ्या पाळीव उंदरांच्या श्वासमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू असतोच. आईकडून पिल्लांना तो पोटात असताना किंवा जन्मानंतर लगेच लागतो. अमोनियाने श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुखावलं की हाच जंतू वरचढ होतो. म्हणून एक साधी कसोटी ठेवा. सकाळी पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर डोळ्यांना किंवा नाकाला झोंबलं तर साफसफाई आधीच व्हायला हवी होती. उंदीर त्या हवेत रात्रभर, जमिनीलगत श्वास घेत असतो.

अंथरायला कागदाच्या पट्ट्या, कागदी लगद्याचे पेलेट किंवा धूळ काढलेला मक्याच्या कणसाचा चुरा घ्या. मक्याचा चुरा दमट हवेत बुरशी धरतो, त्यामुळे कोकणात आणि पावसाळ्यात कागदच बरा. सॉमिलमधला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. तो बारीक धुळीचा असतो, आणि पॅकिंगच्या खोक्यांचा असेल तर बहुधा चिडाच्या लाकडाचा. चीड आणि देवदार यांच्या सुवासिक तेलकट वाफा श्वासमार्गाला आणि यकृताला बाधतात. कापडं देताना सुटे धागे असलेली देऊ नका. पिल्लांच्या पायाला धागा गुंडाळून पाय काळा पडतो.

ओला कोपरा रोज काढा. चार-पाच दिवसांनी सगळं अंथरूण बदला, पण मूठभर जुनं, कोरडं परत टाका. स्वतःचा वास पूर्ण गेला की उंदीर घाईने पुन्हा सगळीकडे मुततात, म्हणजे साफ करूनही वास वाढतो. धुण्यासाठी गरम पाणी आणि पाण्यात अर्धं व्हिनेगर. लघवीचा पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. फिनाईल नको.

आणि धूर. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, मिरचीच्या फोडणीचा ठसका, सिगारेट, कपाटातल्या डांबरगोळ्या, सगळंच या प्राण्याला घातक. पिंजरा देवघर आणि स्वयंपाकघर सोडून ठेवा. डासांसाठी खिडकीला जाळी लावा. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांना प्रखर उजेडाने डोळ्यांच्या पडद्याची इजा होते, म्हणून ऊन थेट पडेल अशी जागाही टाळा.

रानटी उंदीर पिंजऱ्यापर्यंत पोहोचू शकत असेल तर बाकी काळजीला अर्थ राहत नाही. त्याच्या लघवीतून लेप्टो येतो, अंगावरून पिसवा आणि गोचिडीच्या जातीचे बारीक माइट येतात. मोरीची जाळी, खिडकीची फट, पाइपभोवतीची भोकं बुजवा. मात्र घरात उंदरांचं औषध टाकू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल तर आमिष कुठे ठेवणार हे आधी विचारा. ब्रोमाडायोलोन हे उंदीर मारायचं विष खाल्लेला उंदीर दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो.

खाणं

मोठा उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडं अन्न खातो. प्रयोगशाळेच्या उंदरांसाठीची पेलेट मिळत असतील तर तीच मुख्य ठेवा. मोठ्यांना १६ ते १८ टक्के प्रथिनांची, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला २० ते २४ टक्क्यांची.

पेलेट मिळत नसतील तर घरचं मिश्रण करता येतं, पण कोरडं धान्य वाटीत घातलं की उंदीर सूर्यफूल आणि शेंगदाणे वेचून खातो आणि उरलेलं टाकतो. महिन्याभरात जाड आणि तरी कुपोषित. यावरचा चांगला उपाय म्हणजे भाकरी. ज्वारी, बाजरी आणि नाचणीचं पीठ मिळून २०० ग्रॅम, भाजलेल्या चण्याचं पीठ ५० ग्रॅम, शिजवून कुस्करलेले मूग दोन मोठे चमचे, एक अंडं आणि बारीक चिरलेली मेथी किंवा माठ एकत्र मळायचं. मीठ, तेल काही नाही. पातळ भाकऱ्या भाजून कडक वाळवायच्या आणि तुकडे करून हवाबंद डब्यात ठेवायच्या. नाचणीतून कॅल्शियम येतं, अंड्यातून प्रथिनं. सगळं मळलेलं असल्यामुळे वेचायला वाव राहत नाही. ओलं राहिलं तर पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी येते, म्हणून एका वेळी आठवड्यापुरतंच करा. पेलेट पूर्णपणे बंद करून महिनोन्‌महिने फक्त भाकरीवर मात्र ठेवू नका, जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी पडतात.

वरून रोज थोडी भाजी: काकडी, गाजर, मटार, ब्रोकोली, लाल भोपळा. पेरू किंवा सफरचंदाचा छोटा तुकडा.

टाळायचं काय? खवट किंवा डागाळलेले शेंगदाणे आणि मका सगळ्यांत आधी. त्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि उंदराचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. कच्चा राजमा आणि कच्चे पावटे, हिरवट बटाटा, कांदा नको. नरांना संत्र्या-मोसंबीची सालं नकोत, त्यातलं लिमोनीन नर उंदराच्या मूत्रपिंडाला इजा करतं. सोडा किंवा फसफसणारं काहीही नको. उंदराला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं बाहेर काढायचा मार्गच नाही.

पाणी नळीच्या बाटलीतून द्या आणि दोन बाटल्या लावा. रोज बोटाने नळीतली गोळी हलवून बघा, कारण बाटली भरलेली दिसते पण गोळी अडकलेली असते. एक उंदीर दिवसाला ३० ते ४० मिली पितो. पिल्लं असलेली मादी त्याच्या दुप्पट-तिप्पट पिते, आणि तिला एक रात्र पाणी मिळालं नाही तर दूध आटतं.

कुठली जोडी

नवीन आणलेला प्राणी दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. दुसऱ्या खोलीत म्हणजे खरंच दुसऱ्या, एकाच हॉलच्या दुसऱ्या टोकाला नाही. उंदरांचा एक करोना विषाणू आहे, त्यात मानेखालच्या लाळग्रंथी सुजतात आणि डोळे लाल होतात. तो हवेतून पसरतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. तो लपून आलेला असेल तर या काळात कळतो. आधी घरच्या उंदरांचं करा, नवीन पाहुण्याचं शेवटी, आणि मग हात धुवा, सदरा बदला.

मादी पहिल्या वेताला चार ते सहा महिन्यांची आणि किमान २५० ग्रॅमची असावी. चार महिन्यांच्या आत तिची स्वतःची वाढ चालू असते. वर्षाच्या पुढे पहिलं वेत घेऊ नका, अडण्याचा धोका वाढतो. नर सहा महिन्यांपेक्षा मोठा घेणं शहाणपणाचं. नरांचा स्वभाव सहाव्या-सातव्या महिन्यात, हार्मोन वाढल्यावर उघड होतो. चार महिन्यांचा लाघवी नर आठव्या महिन्यात चावरा निघू शकतो, आणि स्वभाव पिल्लांत उतरतो. एक वर्षापेक्षा मोठा, निरोगी, शांत नर मिळाला तर तो सोन्यासारखा.

शिंकणारा, घरघर करणारा, कधी गाठ झालेला किंवा विनाकारण चावणारा प्राणी जोडीत घेऊ नका. आई-बाप कशाने आणि कितव्या वर्षी मेले हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर ते उंदीर पाळायला ठीक, पैदाशीला नाहीत. लाल डोळ्यांचा पांढरा आणि तसाच पांढरा मिळून सगळी पिल्लं पांढरीच होतात, कारण तो गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. रंगांच्या मागे लागणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या काही वंशांत मोठ्या आतड्याच्या नसा नीट बनत नाहीत. दूध सुटताना पोट फुगतं, शी होत नाही, आणि पिल्लू तडफडून मरतं. वंशात असं एकही पिल्लू झालं असेल तर तो वंश तिथेच थांबवा.

ऋतू

उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून अंग थंड करणंही जमत नाही. तो उष्णता टाकतो शेपटीतून आणि कानांतून. १८ ते २६ अंशांत तो खूश असतो, ३० च्या पुढे त्रास सुरू होतो आणि ३४-३५ अंशांत हवा दमट असेल तर जिवावर बेतू शकतं. गाभण मादीची सहनशक्ती याहून कमी. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जूनमध्ये जोडी लावूच नये. त्या दिवसांत नराचं वीर्यही कमजोर पडतं.

महाराष्ट्रात सगळ्यांत सोयीचा काळ दिवाळी संपल्यावरचा. ऑक्टोबरचा उन्हाळा ओसरलेला असतो आणि फटाके होऊन गेलेले असतात. फटाके, विसर्जनाचे ढोल आणि डीजे यांचा विचार तारखा काढताना करा, कारण व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत घाबरलेली आई पिल्लं खाऊ शकते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाशिक, पुणे, नागपूरच्या रात्री १० अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा घरट्यासाठी दुप्पट कागद द्या. कूलर किंवा हीटरमुळे हवा फार कोरडी झाली तर पिल्लांच्या शेपटीला आवळल्यासारखी कडी पडते आणि पुढचा भाग झडतो. खोलीत ओला टॉवेल टांगून ठेवला की एवढी आर्द्रता पुरते.

जोडी लावणं

मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते आणि माज साधारण १२ तास, तोही रात्री टिकतो. पाठीवर बोट फिरवलं की ती थबकते, कंबर खाली करते, शेपूट बाजूला घेते आणि कान इतके थरथरवते की ते धूसर दिसतात. ही खूण दिसलेल्या संध्याकाळी मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडा. नराला तिच्या पिंजऱ्यात सोडलं तर ती जागा राखायला भांडते. पकडताना छातीखाली हात घाला. शेपटीने उचलू नका, शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि पुन्हा उगवत नाही.

माज ओळखता आला नाही तर दोघांना दहा दिवस एकत्र ठेवा. तेवढ्यात दोन माज येऊन जातात. त्यानंतर नर बाहेर काढायचाच. तो राहिला तर मादी व्यायल्या रात्रीच पुन्हा गाभण राहील, आणि एक वेत अंगावर पीत असताना दुसरं पोटात वाढवण्यात तिची हाडं झिजतात. मिलनानंतर कधीकधी तळाला तांदळाएवढी पांढरट मेणचट गाठ पडलेली दिसते. तो दिवस वहीत लिहा आणि २१ पुढे मोजा. एकत्र सोडलेला आणि वेगळा केलेला, दोन्ही दिवस लिहून ठेवा.

गाभणपण आणि विणं

पोट तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत दिसत नाही. त्याआधी वजनावर कळतं. घरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या आणि दर तीन दिवसांनी तोला. दुसऱ्या आठवड्यात वजन ठरावीक वाढत गेलं तर गाभण समजा. पोट दाबून पिल्लं मोजायचा मोह टाळा. खुराक दुसऱ्या आठवड्यापासून वाढवा, अंडं आठवड्यातून तीनदा पुरतं. जाड करू नका, जाड मादी अडते.

सतराव्या-अठराव्या दिवशी तिला विण्याच्या पिंजऱ्यात हलवा. बूटाच्या खोक्याएवढी अंधारी जागा, भरपूर टिश्यू आणि कागदाच्या पट्ट्या द्या. घरटं तिने स्वतः बांधू द्या. शेवटच्या दिवशी योनीतून किंचित रक्त दिसतं, मग ती ताणते, पोट कुशीत ओढते आणि बसून पिल्लू बाहेर घेते. सगळी पिल्लं साधारण एक ते दोन तासांत होतात. वार ती खाते, ते योग्य आहे.

पशुवैद्याला फोन कधी करायचा? ती तासभर जोरात ताणतेय आणि पिल्लू नाही, रक्त वाहत राहिलंय, किंवा काही पिल्लं होऊन ती गार आणि सुस्त पडलीय. पिल्लू अडकलेलं असेल तर ते त्याच दिवशी निघायला हवं. म्हणून लहान कृंतक (कुरतडणारे) प्राणी बघणारा पशुवैद्य कुठे आहे आणि रात्री फोन उचलतो का, हे जोडी लावण्याआधी विचारून ठेवा. कुत्री-मांजरं बघणारे बरेच डॉक्टर उंदीर घेत नाहीत.

पिल्लं

जन्माला पिल्लू पाच-सहा ग्रॅमचं, गुलाबी, डोळे-कान बंद असलेलं असतं. सहा-आठ तासांनी आई खायला उठली की हात धुऊन तिला बाजूला करा आणि फक्त दोन मिनिटं बघा. मेलेलं पिल्लू काढा, मोजा आणि पोटाकडे पाहा. पातळ कातडीतून डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा दिसला की पिल्लू प्यायलं. बारा तासांनंतरही पट्टा नाही आणि अंग गार आहे तर पिल्लू मुठीत गरम करून घरट्याच्या मधोमध ठेवा. गार पिल्लाला आई दूध पाजत नाही, उलट बाहेर टाकते.

मादीला बारा सड असतात. तेरा-चौदा पिल्लं ती ओढते. त्याहून जास्त असतील तर दुसरी नुकतीच व्यायलेली मादी हा सर्वांत खात्रीचा उपाय. म्हणून जाणते लोक दोन माद्यांच्या तारखा दोन-तीन दिवसांच्या अंतराने जुळवतात. आई मेली आणि दुसरी मादी नसेल तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर, रात्रंदिवस दर दोन तासांनी बारीक ब्रशच्या टोकावर, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखाली चोळून लघवी करवणं. तरीही पहिल्या आठवड्यातली बरीच पिल्लं जातात. गाई-म्हशीचं दूध चालत नाही, उंदराच्या दुधात स्निग्धांश त्याहून बराच जास्त आणि साखर कमी असते.

पहिला आठवडा पिंजरा पूर्ण साफ करू नका, फक्त ओला कोपरा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज दोन-तीन मिनिटं पिल्लं हातात घ्या. माणसाळणं इथेच होतं, नंतर त्यासाठी चौपट कष्ट पडतात. आठव्या दिवसाच्या सुमारास माद्यांच्या पोटावर सडांचे ठिपके दिसतात, नरांना ते नसतात. लव दाट होण्याआधीचे हे तीन-चार दिवस लिंग ओळखायला सर्वांत सोपे, तेव्हाच वहीत लिहून घ्या. बाराव्या दिवशी कान उघडतात, चौदाव्या-पंधराव्याला डोळे. सोळाव्यापासून पिल्लं आईच्या वाटीत तोंड घालतात, तेव्हा पेलेट पाण्यात भिजवून बशीत ठेवा आणि पाण्याची नळी खाली उतरवा. तीन आठवड्यांना पिल्लू ४० ते ५० ग्रॅमचं हवं.

रोज सगळ्यांचं एकत्र वजन करा. एखाद्या दिवशी ते वाढलं नाही तर आधी आईचं पाणी, मग तिचे सड तपासा. सडाभोवती लाल, गरम, कडक गाठ म्हणजे थानाचा दाह, त्याला त्याच दिवशी औषध लागतं. एखादं पिल्लू आईने खाल्लं तर बहुतेकदा ते मेलेलं किंवा जगणारं नव्हतं. धडधाकट पिल्लं खात असेल तर गडबड, उजेड, भूक, पाणी यांत कारण शोधा.

३५ वा दिवस

किमान चार आठवडे सगळी पिल्लं आईजवळ राहू द्या. नर पस्तिसाव्या दिवसाच्या आत बाहेर. एक दिवसही उशीर नको, कारण नर तेव्हा आईला आणि बहिणींना गाभण करू शकतो. नर एकट्याने नाही, सगळे भाऊ एकत्र हलवा. लिंगाची शंका असेल तर दोन भावंडं शेजारी उलटी धरून गुदद्वार आणि मूत्रद्वार यांतलं अंतर पाहा. नरात ते जवळजवळ दुप्पट असतं, आणि गार हवेत वृषण वर ओढलेले असले तरी हे अंतर फसवत नाही. मुली आईजवळच राहू शकतात. आईला किमान दोन-तीन महिने विश्रांती द्या आणि तिच्या आयुष्यात दोन वेतांच्या पुढे जाऊ नका.

आजार ओळखणं

डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल डाग दिसला की लोक रक्त समजून घाबरतात. ते पॉर्फिरिन असतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लालसर द्रव्य. एकदाच दिसलं तर अंथरूण, धूर, गरमी तपासा. रोज दिसलं तर प्राणी आजारी आहे. नव्या अंथरुणाने दोन दिवस शिंका येणं चालतं. श्वासाला टिकटिक, घरघर, बरगड्या आत ओढल्या जाणं, अंग फुगवून कोपऱ्यात बसणं, दहा टक्के वजन घटणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. मायकोप्लाझ्मावर सहसा डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन देतात आणि औषध बरेच आठवडे चालतं. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केलं की आजार आणखी चिवट होऊन परततो. जंतू पूर्ण जात नाही, फक्त दबतो. डॉक्सिसायक्लिनने गर्भाच्या हाडा-दातांवर आणि एन्रोफ्लॉक्सासिनने वाढत्या पिल्लांच्या कूर्चेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मादी गाभण किंवा दूध पाजणारी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

मानेवर, खांद्यावर खपल्या आणि सतत खाजवणं म्हणजे उवा किंवा माइट. आयव्हरमेक्टिन चालतं, पण मात्रा वजनावर मिलिग्रॅमच्या अंशात बसते. गुरांसाठीच्या बाटलीतून अंदाजाने थेंब टाकलेला उंदीर मरतो. वर्ष-दीड वर्षाच्या माद्यांना काखेत किंवा जांघेत मऊ, हलणारी गाठ येते, ती बहुधा स्तनातली साधी गाठ असते. लहान असताना काढता येते, लिंबाएवढी झाल्यावर शस्त्रक्रियाच जिवावर बेतते. पुढचे दात पिवळे-नारिंगी असणं हे मोठ्या उंदरात आरोग्याचं लक्षण आहे. ते वाकडे किंवा लांब वाढले तर कापून घ्यावे लागतात.

माणसांसाठी एवढंच: हाताळल्यावर हात धुवा, चावल्यास साबणाने पाच मिनिटं जखम धुऊन डॉक्टरांना दाखवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली तर घरी उंदीर आहेत हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

पिल्लं देताना

सहा ते आठ आठवड्यांची, जोडीने, आठवड्याचं खाणं आणि त्यांच्या पिंजऱ्यातला एक वापरलेला कापडाचा तुकडा बरोबर द्या. सापाला खाऊ हवा म्हणून येणारे लोकही येतात. भारतीय साप घरी ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कशासाठी नेताय हे सरळ विचारा आणि नको वाटलं तर देऊ नका. नेणाऱ्याचा नंबर आणि पिल्लाची खूण वहीत लिहा. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी फोन करून वजन, शिंका, गाठी, स्वभाव विचारा, आणि पिल्लू गेलं असेल तर कशाने गेलं ते. याच नोंदींवरून ठरवा की त्या वंशातून पुढे जोडी लावायची की नाही.